ताटावरून उठवलेला माणूस

आधीच सांगून टाकते — या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि वाचून झाल्यावर दर वेळी "काहीही हं!" असं मोठ्याने म्हणते. आमच्या मिस्टरांना ते इतकं सवयीचं झालंय की मी वाचायला घेतलं की तेच आधी म्हणून मोकळे होतात. मी सातपूरला एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला काम करते. दिवसभर हातात व्हर्निअर. मापात बसलं तर पास, नाही बसलं तर रिजेक्ट, मग समोरचा कितीही गयावया करो. भूत, चकवा, अंगात येणं... यातलं काहीही मी आजवर पास केलेलं नाही.

आणि आता माझ्याच पदरात एक गोष्ट पडलीये, जी मापात बसत नाही आणि रिजेक्टही करता येत नाही. म्हणून लिहितेय. हसायचं असेल तर खुशाल हसा, मीही हसायचेच.

माझं माहेर सटाण्याजवळच्या खेड्यातलं. आईला आम्ही माय म्हणतो. घरात सगळं बोलणं अहिराणी. मी लग्न होऊन नाशकात आले आणि माझी अहिराणी फोनपुरती उरली. माय कशी होती सांगू? वाटेत कुणी आडवं उभं राहिलं तर "सरक" म्हणायची नाही, आपणच वळसा घालून जायची. कुणी तिच्या पायावर पाय दिला तर हीच विचारणार, "लागनं का तुले?" मी तिच्या बरोब्बर उलट. मी रिक्षावाल्याशी भांडते, बँकेत भांडते, भाजीवाल्याशी तर भांडल्याशिवाय मला भाजी घेतल्यासारखीच वाटत नाही. माय म्हणायची, "जाऊ दे ना वं." आणि मी म्हणायचे, तू जाऊ देतेस म्हणून तर मला भांडावं लागतं!

तर गेल्या वैशाखात मायला न्यूमोनिया झाला. सटाण्याच्या एका खाजगी दवाखान्यात ठेवलं होतं. मी रविवारी जाऊन आले तेव्हा बरी होती, माझ्या हातून पेज प्यायली. आणि मग एका सकाळी नानाचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा फोन आला.

"आक्का, निंघी ये. माय बोलस नही वं. डोळाबी उघाडस नही."

पुढचं काही नीट ऐकू आलं नाही, तो रडत होता. नानाला मी लहानपणानंतर रडताना ऐकलेलं नव्हतं.

मिस्टर पुण्याला लेकीकडे गेलेले. गाडी घरीच होती, इलेक्ट्रिक. रात्री खाली पार्किंगमध्ये चार्जिंगला लावून मी निवांत झोपले होते, आणि आमच्या भागात नेमकी रात्रभर लाइट नव्हती. सकाळी बघते तर बॅटरी जेमतेम दहा-बारा टक्के. सटाणा नव्वद किलोमीटर. तेवढ्यात फार तर पिंपळगाव गाठलं असतं.

तुम्ही म्हणाल, टॅक्सी करायची. केले ना फोन! लग्नाची दाट तिथ होती, सगळे टॅक्सीवाले वऱ्हाड घेऊन गेलेले. एसटीने जायचं म्हणजे आधी स्टँड गाठा, मग गाडीची वाट बघा, मग ती थांबत थांबत जाणार. म्हटलं, गंगापूर रोडला फास्ट चार्जर आहे, पाऊण तास लावली की सुटले. हिशोब काही चुकीचा नव्हता.

ती जागा नीट सांगते. गंगापूर रोडवरून आत वळलं की एक लॉन्स आहे, लग्नाचं. नाव लिहीत नाही. त्याच्या पार्किंगच्या कडेला चार्जिंगच्या दोन जागा. जमिनीवर हिरवे पट्टे, मोठा बोर्ड, आणि वर पत्र्याची शेड. त्या अख्ख्या मैदानात सावली काय ती तेवढीच, आणि सगळा घोळ तिथेच आहे. वैशाखातल्या दुपारी कोण बोर्ड वाचतो? ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाडी नाही त्यांना कळायचं नाही, पण आमच्या निम्म्या कटकटी या जागेवरून असतात. कुणी डिझेलची गाडी लावून आहेर द्यायला जातो, कुणी "ताई, पाचच मिनिटं" म्हणून तासाने उगवतो. आमच्यातलेही काही कमी नाहीत हं, चार्जिंग कधीचं संपलं तरी गाडी तशीच लावून ठेवतात आणि साहेब पिक्चरला.

मी पोचले तर एका जागेवरचं मशीन बंद, तिथे केटररचा टेम्पो. आणि दुसऱ्या, म्हणजे चालू मशीनसमोर एक भलीमोठी पांढरी डिझेल गाडी. तीही तिरकी. काचेवर फोन नंबर नाही, काही नाही. मी माझी गाडी मागे-पुढे करून बघितली, शेजारून घुसवायचा प्रयत्न केला. केबल ओढून ओढून आणली तर तिच्या टोकाची गन, जी गाडीत खुपसायची, ती वीतभर कमी पडली. वीतभर! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू...

वॉचमनकाका होते तिथे, त्यांना म्हटलं, माईकवरून पुकारा.

"मंगलाष्टकं चालू हायेत ताई. आता माईक कोण देईल?"

"अहो काका, माझी आई सीरियस आहे."

ते बिचारे टोपी सावरत आत पळाले. मंगलाष्टकं संपली, तसं खरंच कुणीतरी पुकारलं, 'पांढऱ्या गाडीच्या मालकांनी कृपया...' आणि त्याच क्षणी बँड सुरू झाला. कोणी आलं नाही. काका परत आले आणि म्हणाले, "जेवणाच्या हॉलला हा स्पीकर लय कमी ऐकू जातो."

मीच आत जाऊन एकेकाला विचारणार होते. पण माझी गाडी वाटेत आडवी, मागे आणखी एक इलेक्ट्रिक गाडी येऊन थांबलेली, तिच्या मागे वऱ्हाडाच्या गाड्या हॉर्न मारतायत. काका म्हणाले, "तुम्ही हलू नका, मी बघतो कुणाला धाडता येतं का." म्हणून मी तिथेच उभी राहिले. शेडच्या बाहेर, उन्हात. सावलीत तर ती गाडी होती.

नानाचा पुन्हा फोन आला. "कथी उनी?" म्हणजे कुठवर आलीस. मी म्हटलं, "रस्त्यात आहे रे, थोडा उशीर होईल." मी अजून नाशकातच एका गाडीमागे अडकलेय, हे सांगायला माझी जीभ वळेना.

त्या उन्हात मी त्या गाडीवाल्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. मोठ्याने. आणि शिव्या देता देताच रडायला आलं. मला फार काही नको होतं. मायने एकदा डोळे उघडावेत आणि माझ्याशी चार शब्द बोलावेत, एवढंच हवं होतं. आणि ते एवढंसं माझ्या हातातून चाललंय, का, तर कुणाला तरी गाडी तापायला नको!

तेवढ्यात आतून एक माणूस जवळजवळ पळतच आला. चाळिशीचा असेल. डोक्याला लग्नातला फेटा. डाव्या हातात किल्ली, आणि उजवा हात अंगापासून लांब धरलेला — वरणभाताने माखलेला. म्हणजे हातसुद्धा न धुता उठून आला होता. लग्नात जेवता जेवता असं कोण उठतं?

मी तोंड उघडणार, तर तोच मला म्हणाला, "अवो ताई, एवढ्या उन्हाचं म्हाताऱ्या माणसाला कशाला आत लावून दिलंसा?"

"कोण म्हातारं माणूस?"

"तुमच्या आई न्हवं का त्या?"

बोलण्यावरून सांगलीकडचा वाटला, आणि तो होताही तिकडचाच, नोकरीसाठी नाशकात आलेला. नवऱ्या मुलाचे वडील त्याच्या ऑफिसात होते, म्हणून लग्नाला आला होता. तो सांगायला लागला. आत बुफे होता, पण वडीलधाऱ्यांसाठी आणि मानाच्या पाहुण्यांसाठी खाली पंगत मांडली होती. यालाही आग्रहाने तिथे बसवलं. पहिला भात आला, याने दोन घास घेतले, आणि एक म्हातारी पंगतीतून चालत थेट याच्यापाशी आली. याच्या खांद्याला हात लावला.

"काय म्हणाल्या बघा..." तो थांबला, आणि शाळेतलं पाठ म्हणावं तसं एकेक शब्द आठवून बोलला, "ऊठ रे भाऊ. मनी पोर उनमा उभी शे."

माझी पोर उन्हात उभी आहे.

"मला त्यातलं पोर आन् ऊन एवढंच कळलं," तो म्हणाला. "पर असं बोलल्या की बसवंना. उठलोच."

मी विचारलं, "दिसायला कशा होत्या?"

"बारीक चणीच्या. हिरवं लुगडं, डोईवर पदर. हनुवटीवर गोंदलेलं. आन् हाताला सलाइनची सुई तशीच, वर चिकटपट्टी. म्हटलं, दवाखान्यातनं थेट लग्नाला आणलीया का काय म्हातारी."

वॉचमनकाका जवळच होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "एक आजी आत गेल्या खऱ्या मघाशी. मला वाटलं, लग्नातल्याच." कुठून आल्या ते मात्र त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

मी त्या माणसाला एवढंच म्हटलं, "माझी आई सटाण्याला आहे. दवाखान्यात. मी तिच्याकडेच निघालेय."

त्याने डाव्या हाताने कशीबशी गाडी बाहेर काढली, लांब नेऊन उन्हात लावली. मग परत येऊन माझी गन लागली का ते बघत उभा राहिला. हातावरचं वरण वाळायला लागलं होतं. मी माझ्या बाटलीतलं पाणी त्याच्या हातावर ओतलं. शिव्या द्यायच्या त्या राहूनच गेल्या. तो पुन्हा आत जाऊन बायकांच्या बाजूला सगळीकडे बघून आला. "दिसंनात कुठं," म्हणाला. मग माझ्या मोबाईलमध्ये स्वतःचा नंबर घालून दिला. "पोचला की फोन करा ताई. चुकलं माझं."

चार्जिंग झालं आणि मी निघाले. वाटेत डोकं चालूच होतं. म्हटलं, लग्नात कुणी बागलाणचे, आमच्या सटाण्याकडचे पाहुणे असतील. त्यातली एखादी म्हातारी मला उन्हात बघून कळवळली असेल. सुई? असेल तिलाही दवाखान्यातून नातवाच्या लग्नासाठी आणलेलं, आणतात की लोक. गोंदण मायसारखं, पण ते तर तिकडच्या प्रत्येक म्हातारीला असतं. देवळा येईपर्यंत मी सगळं मापात बसवून टाकलं होतं.

दवाखान्यात गेले तर माय दवाखान्याच्याच गाऊनमध्ये. हिरवं लुगडं वगैरे काही नाही. डोक्यावर पदर नाही, केस मोकळे. खरं सांगते, मला हायसंही वाटलं आणि वाईटही वाटलं. हाताला सुई होती, पण ती तिथल्या प्रत्येक पेशंटच्या हाताला होती. नाना कॉटशेजारी स्टुलावर बसलेला. म्हणाला, सकाळपासून हललीसुद्धा नाही.

मी तिचा हात धरला. "माय..." म्हटलं. दोन-तीनदा म्हटलं. आणि तिने डोळे उघडले.

"उनी का वं?"

आलीस का! मी तिच्या उशाशी डोकं टेकून हमसून हमसून रडले. नाना डॉक्टरांना बोलवायला उठला, तर मायने त्याला हातानेच थांबवलं. तिला काहीतरी विचारायचं होतं. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मग आला.

"तो जेवना का?"

नानाला वाटलं त्यालाच विचारतेय. "जेवनू ना माय, मी जेवनू."

तिने मान हलवली. नाही, तू नाही. माझ्याकडे बघितलं. "तो गाडीवाला वं. ताटवरथून उठाडं मी त्याले. पाप लागस."

त्याला ताटावरून उठवलं मी, पाप लागतं... ज्या बाईच्या तोंडून सकाळपासून शब्द फुटला नव्हता, तिच्या जिवाला एवढाच घोर होता — तो माणूस जेवला का?

मी नानाला काहीही सांगितलेलं नव्हतं. कुणालाच सांगितलेलं नव्हतं. वाटेत मी एकही फोन केला नव्हता.

मी मोबाईल काढला आणि तो नंबर लावला. त्याने पटकन उचलला. "पोचला का ताई? कशा हायत आई?"

मी म्हटलं, "आई विचारतेय... तुम्ही जेवलात का?"

त्याचा आवाज घोगरा झाला. "त्यांच्या कानाला लावा फोन."

मी स्पीकर चालू करून मोबाईल तिच्या कानाशी धरला.

"आजी, जेवलो मी. पोट भरून जेवलो. तुम्ही काय बी काळजी करू नका."

"बरं झायं," माय म्हणाली. आणि इतकी समाधानाने हसली, जणू तोही तिचाच पोरगा.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली. हळूहळू, थांबत थांबत, पण बोलली. माझ्या लेकीची चौकशी केली. घरी जावयाचं जेवणाचं काय, म्हणाली. मी म्हटलं ते पुण्याला मजेत जेवतायत, तू गप्प पड. माझा हात तिने सोडला नाही. संध्याकाळी डोळा लागला तो लागलाच, आणि पहाटे ती गेली.

डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, तापात पेशंट असंबद्ध बोलतात. नाना म्हणतो, माय आयुष्यभर दिसेल त्याला जेवलास का म्हणून विचारत आली, तेच तेव्हाही विचारलं. दोघांचंही पटतं मला. पण 'गाडीवाला' कुठून आला? नंतर मी लॉन्सवरही जाऊन आले. तुम्ही विचाराल म्हणून सांगते, कॅमेरा आहे, पण जेवणाच्या हॉलच्या त्या टोकाला नाही. मॅनेजरने ज्यांचं लग्न होतं त्यांना माझ्यासमोर फोन लावून विचारलं. हाताला सुई असलेली म्हातारी? त्यांना आठवेना. पण एवढ्या मोठ्या लग्नात कोण कोणाकडे बघतं? म्हणजे असेलही, नसेलही.

एक सांगते, माझा त्या दिवशीचा राग मी मागे घेतलेला नाही. हिरव्या पट्ट्यात डिझेलची गाडी दिसली की मी आजही भांडते, आणि भांडणार. पण मी बाहेर त्या माणसाच्या सात पिढ्या खणत होते, आणि त्याच वेळी माझी माय, ती जिथे कुठे होती तिथे, त्याचा घास अडला म्हणून हळहळत होती... हे डोक्यातून जात नाही. तिची फार आठवण येते. भांडून दमले की जास्तच येते.

माय गेल्याचं मी त्याला कळवलं होतं. तेव्हा तो म्हणाला, "ताई, त्या दिवशी खोटं बोललो मी. ताटावरनं उठल्यावर परत कुठं बसतंय माणूस? ते दोन घास सोडलं तर पोटात अन्नाचा कण न्हवता."

मी म्हटलं, "तेराव्याला या."

आला बिचारा सटाण्यापर्यंत. गाडी मांडवाजवळ मोकळी जागा असूनही लावली नाही. कुठे लांब शेताच्या वाटेवर, भर उन्हात लावून चालत आला. खापरावरचे मांडे होते, त्यांच्याबरोबरची तिखट रशी होती, भात होता. मी नानाच्या बायकोच्या हातातून भांडं घेतलं आणि त्याला स्वतः वाढलं. तो खाली मान घालून जेवत होता. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडत आलं, ती शेताच्या वाटेवरची पांढरी गाडी कुणाची, ट्रॅक्टर अडलाय!

तो ताडकन उठायला लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

त्या दिवशी लॉन्सवर कोण आलं होतं, मला माहीत नाही. कुणाला कळलं तर मलाही सांगा. पण पंगतीत मी ट्रॅक्टरवाल्याला चांगलं खणखणीत सुनावलं, की हा माणूस जेवून उठेपर्यंत ट्रॅक्टर थांबेल. आणि भांडं घेऊन तिथेच उभी राहिले.

तो पोटभर जेवला. भात दोनदा घेतला.